ऐकून घेणं

अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या जुन्या म्युझिक सिस्टीमच्या दुकानात शिरल्यापासून तो माणूस माझ्या नवऱ्याशीच बोलत होता. “या सर. बसा सर. कूलरसमोर बसा, उन्हातून आले तुम्ही.” आमचे हे कूलरसमोर बसले. मी उभीच. हातात कापडी पिशवी, पिशवीत रेकॉर्ड. अमरावतीहून अकोल्याला फोन मी केले होते. महिनाभर मीच करत होते. ॲम्प्लिफायर कुठला, सुई जुनी की नवी, स्पीकर कोणाच्या घरून आले, कधी दुरुस्त झाले का, सगळं मी विचारलं होतं आणि त्यानेही फोनवर “हो मॅडम, बरोबर मॅडम” करत सगळं सांगितलं होतं. पण दारातून एक बाई आणि एक पुरुष आत आले की गिऱ्हाईक कोण, हे त्याच्या डोक्यात आधीच ठरलेलं होतं.

“सरांना गाण्याचा शौक दिसतो.”

ह्यांना गाण्याचा काडीचा शौक नाही. बँकेतून निवृत्त झाले, घरी बातम्या लावतात आणि बातम्या सुरू असतानाच झोपतात. ते हसून म्हणाले, “शौक हिचा आहे.”

“वा, वा,” तो म्हणाला, आणि पुन्हा ह्यांनाच सांगायला लागला. हा ॲम्प्लिफायर जपानी, हे स्पीकर विलायती, मुंबईच्या एका पारशी म्हाताऱ्याने जिवापाड जपलेले, असा माल आता मिळत नाही सर. हे मान हलवत होते. चहा आला तो दोघांसाठी आला. मग माझ्याकडे पाहून “मॅडम घेतात का?” असं त्याने ह्यांना विचारलं.

मी घरून ठरवून आले होते की भांडायचं नाही. वस्तू महाग होती. वापरलेली असूनही महाग होती. मी अमरावतीला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर हातात रक्कम आली तेव्हा माझ्यासोबतच्या कोणी सोनं केलं, कोणी मुलाच्या फ्लॅटला हातभार लावला. मी म्हटलं, मला एक रेकॉर्ड नीट ऐकायची आहे.

ती रेकॉर्ड माझ्या आईची आहे. तसं कुठे लिहिलेलं नाही. कव्हरवर बाबासाहेबांचं चित्र, खाली मुख्य गायकाचं नाव, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत ‘आणि साथी’. त्या ‘साथी’मध्ये चार बाया होत्या, त्यांतली एक माझी आई. तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यात गायन पार्टी होती. आई हंगामात कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला जायची आणि बाकीच्या दिवसांत शेतात. गळा चांगला, म्हणून पार्टीत घेतली. एकदा पार्टीला मुंबईला बोलावणं आलं आणि ही छोटी रेकॉर्ड निघाली. एका बाजूला दोन गाणी, दुसऱ्या बाजूला दोन. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. लहानपणापासून ती रेकॉर्ड मी शेजाऱ्यांच्या, मग वडिलांनी घेतलेल्या, मग माझ्या स्वतःच्या अशा कुठल्या कुठल्या प्लेयरवर ऐकत आले. मागच्या चार बाया मला कायम एकच बाई वाटत आल्या. एक गरगटलेला, पातळ आवाज. आई स्वतःही ओळखू शकायची नाही. “यातली मी कोनती, काय माहीत व,” असं हसून म्हणायची.

ती गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी मुलाकडे पुण्याला गेले होते. त्याच्या घरमालकांकडे मोठी सिस्टीम होती, आणि माणूस हौशी. मी सहज म्हटलं, माझ्याकडे अशी एक रेकॉर्ड आहे. पुढच्या खेपेला घेऊन गेले. त्यांनी ती मऊ ब्रशने पुसली, लावली, आणि स्वतः स्वयंपाकघरात निघून गेले, मला एकटीला बसवून. दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यात चार बाया वेगवेगळ्या झाल्या. एक डावीकडे, दोन मधे आणि एक जराशी मागे. ती मागची बाई ओळ उचलायच्या आधी बाकीच्यांपेक्षा थोडी लवकर श्वास घेत होती. छातीत घरघर असलेल्या माणसाचा श्वास. जिनिंगच्या रुईने आईला दमा दिला होता. मी त्या श्वासाच्या शेजारी लहानाची मोठी झाले. मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून मला ती सिस्टीम पाहिजे होती. दिवाणखान्यात मिरवायला नाही.

तर त्या दुकानात. तो म्हणाला, “ऐका सर,” आणि त्याने काच फुटल्याचा आवाज लावला. मग विमान उडाल्याचा. मग ढोल. खोलीच्या खिडक्या हलल्या. “बेस बघा सर! छातीत येतो का नाही?” ह्यांनी कानावर हात नेता नेता मागे घेतला. मी म्हटलं, “मी माझी रेकॉर्ड आणली आहे. ती लावा.”

त्याने पिशवीतून निघालेल्या कव्हरकडे पाहिलं. चित्र पाहिलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग आमच्या दोघांकडे मिळून पाहिलं. ते पाहणं मला माहीत आहे. शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या की त्या माझं आडनाव वाचून तसं पाहायच्या.

“हे इथे नाही वाजवत आम्ही,” तो म्हणाला. “जुनी रेकॉर्ड असली की सुई खराब होते.”

“तुम्ही फोनवर म्हणालात, तुमची रेकॉर्ड आणा.”

“ते क्लासिकल वगैरे असेल असं वाटलं होतं, मॅडम.” मग ह्यांच्याकडे वळून, जरा आवाज खाली करून, जसं पुरुष पुरुषाला सांगतो तसं, “सर, खरं सांगू का? अशा गाण्यांसाठी एवढ्या महागाचं कशाला घेता? माझ्याकडे दुसरं आहे, दणदणीत वाजते, निम्म्यात पडंल तुम्हाले.”

हे चहाच्या कपात पाहत होते. मी वाट पाहिली. ते काहीतरी बोलतील म्हणून वाट पाहिली. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “लावून द्या ना एकदा. तिला ऐकायचं आहे.”

बस. एवढंच.

त्याने लावली. नाइलाज झाल्यासारखी, दोन बोटांत धरून लावली. आणि मला सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं: आवाज अप्रतिम होता. पुण्यापेक्षाही चांगला. मी त्या माणसाला विसरले. आई माझ्या डाव्या खांद्याच्या मागे कुठेतरी उभी होती आणि श्वास घेत होती. मी उठून डाव्या स्पीकरवर हात ठेवला. वरच्या लाकडावर गरम कप ठेवल्याचा गोल पांढरा डाग होता. मी पदराने तो पुसून पाहिला, निघाला नाही. मला तो डागही आवडला. कोणीतरी चहा पीत पीत यावर गाणी ऐकली होती.

“हीच जोडी मला पाहिजे,” मी म्हटलं. “आणि आठ दिवस घरी ऐकणार. ते तुम्हीच कबूल केलं आहे.”

“होम ट्रायल पूर्ण पेमेंटवर आहे, सर,” तो म्हणाला. ह्यांना.

पैसे मी दिले. माझ्या खात्यातून, माझ्या फोनवरून, त्याच्या डोळ्यांसमोर. पावती त्याने ह्यांच्या नावाने फाडली. मी ती परत केली आणि माझ्या नावाने करून घेतली. हे बाहेर चप्पल घालत उभे होते.

काही दिवसांनी त्याचा टेम्पो सामान घेऊन अमरावतीला आला. माणसांनी खोके उतरवले, वायरी जोडल्या, गेले. दुपार होती. हे आतल्या खोलीत झोपले होते. मी रेकॉर्ड लावली, दुसरी बाजू, पहिलं गाणं, आणि खुर्चीवर बसले.

आई नव्हती.

चार बाया पुन्हा एक बाई झाल्या होत्या. मला आधी वाटलं, घरातली खोली वेगळी. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले. मग वाटलं, वायर. मग पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, घामाने भिजले, पुन्हा पहिल्यापासून लावलं. उजवीकडचा स्पीकर तोंडात बोळा कोंबल्यासारखा बोलत होता. डावीकडचा त्यापेक्षा बरा, पण तोही तो नव्हता. मग मी डाव्या स्पीकरच्या वर पाहिलं. लाकूड स्वच्छ होतं. उजव्यावर पाहिलं. तोही स्वच्छ. कुठेही डाग नव्हता.

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, “पॉलिश करून पाठवले, मॅडम. सर्व्हिस आहे आपली.” मी म्हटलं, तो डाग पॉलिशने जाणारा नव्हता, आणि पॉलिशने आवाज बदलत नाही. तो म्हणाला, “तुमच्या खोलीचा प्रॉब्लेम असंल. टाइल्स आहेत का खाली?” मी म्हटलं, आहेत, तुमच्या दुकानातही आहेत. तो म्हणाला, “सरांना द्या ना फोन.”

“सर झोपलेत,” मी म्हटलं. “माझ्याशी बोला.”

“मॅडम, राग नका मानू, पन रेकॉर्डच घासलेली आहे तुमची. त्यात हाय काय ऐकाले?”

आणि फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

हे उठले तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, स्पीकरवर हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “वाजून तर राहिलं. मले तर चांगलं वाटते.” मग थोड्या वेळाने, “कुठी त्याच्या नादी लागते तू? जाऊ दे ना.”

जाऊ दे. बत्तीस-तेहतीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द मी किती वेळा ऐकले असतील. बँकेत ह्यांना बढती मिळाली की कोणीतरी टेबलावरून म्हणायचं, तुमचं काय बाप्पा, तुमचं तर होतेच. हे हसून द्यायचे. घरी येऊन सांगायचे तेही हसतच. मी चिडायचे आणि हे म्हणायचे, “नोकरी करायची म्हटलं तर ऐकून घ्यावं लागते.” मी समजूत घालून घेतली होती की तो त्यांचा स्वभाव आहे, आणि त्या स्वभावामुळे ते त्या खुर्चीत टिकले. ते खरंही असेल. पण त्या दिवशी माझ्या घरात, माझ्या पैशाने, माझ्या आईचा आवाज काढून घेतला गेला होता, आणि तरीही ऐकून घ्यायचं होतं.

“आता कोणती नोकरी करायची आहे तुम्हाला?” मी विचारलं.

त्यांना ते लागलं. ते फिरायला निघून गेले. मी माझ्या मैत्रिणीला फोन केला.

ही मैत्रीण उर्दू शाळेत मुख्याध्यापिका होती. बी.एड.ला आम्ही एका बाकावर बसलो, तेव्हापासूनची ओळख. तिच्याकडे मोठी गाडी आहे आणि ती ट्रकवाल्यासारखी चालवते. मी म्हटलं, मला त्या माणसाकडे जायचं आहे, स्पीकर घेऊन. तिने दुसरं काही विचारलं नाही. “सकाळी निघू. खाऊन ये, तिथं पानी बी नको पिऊ त्याचं.”

सकाळी आम्ही दोघींनी, साठीला टेकलेल्या दोन बायांनी, ते स्पीकर गादीत गुंडाळून गाडीत चढवले. हे मदतीला आले. वजन त्यांनीच जास्त उचललं, ते मी नाकारत नाही. पण गाडीत बसले नाहीत. “मी येऊ का?” असं दारात उभं राहून विचारलं, तेही अशा आवाजात की नाही म्हणावं. मी नाही म्हटलं. मूर्तिजापूर येईपर्यंत मी बडबडत होते आणि मैत्रीण हूं हूं करत होती. बोरगाव गेलं तशी मी पावती काढून पुन्हा वाचायला लागले.

दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं. कडक इस्त्रीचा शर्ट, पायावर पाय, कोणीतरी मोठा डॉक्टर किंवा वकील. समोर सतार वाजत होती, आणि ती ज्या स्पीकरमधून वाजत होती त्यातल्या डाव्याच्या डोक्यावर गोल पांढरा डाग होता.

मी आयुष्यात वर्गाबाहेर कधी मोठ्याने बोलले नव्हते. मी सरळ जाऊन त्या डागावर बोट ठेवलं.

“ही माझी जोडी आहे.”

दुकानदार उठला. “मॅडम, तुम्ही बसा, कस्टमर आहेत.”

“मी काय आहे?”

“तसं नाही, मॅडम...”

“ही जोडी मी ऐकली, हिचे पूर्ण पैसे दिले, आणि तुम्ही मला दुसरी पाठवली. ती बाहेर गाडीत आहे. आणा आत आणि दोन्ही लावा. माझी रेकॉर्ड पण आणली आहे.”

तो इस्त्रीचा शर्ट म्हणाला, “बाई, आधी माझं होऊ द्या. मी बराच वेळ झाला बसलोय.”

मैत्रीण दारातच उभी होती. तिने आपली मोठी पर्स त्या माणसाच्या शेजारी सोफ्यावर ठेवली, स्वतः बसली, आणि शांतपणे म्हणाली, “बैठो ना साहब. तुमी बी ऐका. फुकट हाय.”

दुकानदाराचा चेहरा बदलला. आतापर्यंतची सगळी साखर उतरली. “हे पाहा बाई,” तो मला म्हणाला. आता मी मॅडम नव्हते. “मी तुमाले पहिल्याच दिवशी सांगत होतो. तुमच्या त्या जयंतीच्या गाण्याले हा माल लागत नाई. ते डीजेवर लावाचे गाणे आहेत, चौकात. तुमच्या लोकायले यातलं काय समजते? ज्याले समजते त्याच्यासाठी ठेवून राहिलो मी ही जोडी.”

त्याने ते शब्द तसेच्या तसे उच्चारले. अकोल्यात, भर दुपारी, या काळात. मी इतकी वर्षं ते कोणाच्या तरी डोळ्यांत, हसण्यात, थांबण्यात ऐकत आले होते. आज कोणीतरी तोंडाने बोललं. मी त्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. शिकलेला माणूस होता. तो घड्याळाकडे पाहत होता.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. माझा आवाज उलट खाली गेला.

“त्या रेकॉर्डवर माझी आई गाते,” मी म्हटलं. “तिच्या छातीत जिनिंगची रुई गेली होती आणि तरी ती गायली. तुम्हाला समजो न समजो. मी विकत घेतलेली वस्तू तुम्ही चोरली आहे. आता दोन्ही जोड्या लावा. नाहीतर मी इथेच बसते, आणि दुकानात येईल त्या प्रत्येक माणसाला सांगते की इथे एक दाखवतात आणि दुसरं पाठवतात. मला घरी काही काम नाही. मी निवृत्त आहे.”

आणि मी खाली बसले. सोफ्यावर नाही, त्या दोन स्पीकरच्या मधे, जमिनीवर.

तो काही तरी पुटपुटला, पोलीस वगैरे. मैत्रीण म्हणाली, “हौ, बुलाव. नंबर हाय का, का मी देऊ?”

तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट पहिल्यांदा कामाचं बोलला. तो दुकानदाराला म्हणाला, “एक मिनिट. ही जोडी यांना दाखवून दुसरी दिली, असं त्या म्हणतात. मग मला दाखवून मला कोणती पाठवणार होता तुम्ही?”

माझा अपमान त्याच्या कानाला लागला नव्हता. त्याचे स्वतःचे पैसे मधे आल्यावर कान उघडले. मला त्याचाही राग आला, आणि तो अजून आहे. पण त्याच्या त्या एका प्रश्नाने दुकानदार ढिला पडला. गाडीतले स्पीकर आत आणले गेले. माझी रेकॉर्ड लागली, आधी एका जोडीवर, मग दुसरीवर. दुकानात कोणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. मैत्रिणीने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि डोळे मिटून ऐकलं. इस्त्रीचा शर्ट उठला, “कळवतो,” म्हणाला आणि गेला.

“गैरसमज झाला, ताई,” दुकानदार म्हणाला. मॅडम, बाई, ताई, एका तासात सगळं होऊन गेलं. “गोडाऊनच्या माणसांनी अदलाबदल केली. घेऊन जा ही जोडी. मी टेम्पोने पोचवतो, भाडं नाही लावत.”

ती जोडी माझ्यासमोर होती. तिच्यात माझी आई होती. मी एवढ्या लांब तिच्यासाठीच आले होते.

“नको,” मी म्हटलं. “पैसे परत करा. सगळं सामान तुमचं, घरी आहे तेही घेऊन जा.”

“टेम्पोचं भाडं कापावं लागंल मग.”

“काट के दिखा,” मैत्रीण म्हणाली.

त्याने कापलं नाही.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. तो काय बोलला तेही सांगितलं, शब्दाला शब्द. ह्यांचा चेहरा पांढरा झाला. मग म्हणाले, “पन स्पीकर घ्यायचे होते. तेच तर पायजे होते ना तुले?”

“त्याच्या हातून नको होते.”

“वस्तूले काय हात असते?”

त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी जेवायला वाढण्यापुरतं बोललो. मला वाटायचं, हा माणूस माझ्यासोबत त्या गाडीत बसायला पाहिजे होता. भांडायला नाही, नुसता बसायला. ते मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, “मी आलो असतो तर तो पुन्हा माझ्याशीच बोलला असता. आन् मी पुन्हा तसाच बसलो असतो. मले माहीत हाय मी कसा हावो ते.” मला ते समजलं. राग मात्र गेला नाही. समजणं वेगळं आणि राग जाणं वेगळं.

दिवाळीनंतर मुलाने फोनवर एक जाहिरात पाठवली. वरूडला एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडची सिस्टीम विकायची होती. माणूस वारला होता, त्याचा मुलगा नागपूरला, त्याने फोटो टाकले होते. मी मैत्रिणीला सांगितलं. तिने गाडी काढली. ह्यांना विचारलं नाही, ह्यांनीही विचारलं नाही. निघताना फक्त पाण्याची बाटली आणून गाडीत ठेवली.

वरूडच्या त्या घराच्या अंगणात क्रेट रचलेले होते आणि पुढे ट्रक लागला होता. घरात एक म्हाताऱ्या काकू एकट्याच. त्यांनी आधी पाणी दिलं, मग बसवलं, मग म्हणाल्या, “मले त्या मशीनचं काई समजत नाई बाई. पोरगं म्हने, येतीन तर दाखवजो. तुमीच लावा.”

मी म्हटलं, “काकू, मी माझी रेकॉर्ड आणली आहे. ती लावली तर चालेल?”

“चालते ना. काहून नाई चालत?”

ॲम्प्लिफायरवर कशिद्याचं झाकण होतं. त्या झाकणाखालच्या बटणांवर बोटांचे ठसे होते, सगळे एकाच माणसाचे असणार. मी रेकॉर्ड लावली. अकोल्याच्या जोडीइतकी ती चांगली नव्हती. पण आई होती. मागे, जराशी डावीकडे, आणि तिचा तो लवकर घेतलेला श्वास होता. मैत्रिणीने माझा हात धरला.

काकू दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, “कोन गाते हे?”

“मागच्या बायांमध्ये माझी आई आहे.”

“लाव पुन्हा. जरा मोठ्यानं लाव.”

“तुम्हीच करा ना मोठा. ते गोल बटण, उजवीकडे फिरवा.”

त्या पुढे आल्या. हात पुढे केला आणि थांबल्या. “पन्नास वर्षं झाली असतीन या घरात येऊन. कधी हात लावू देला नाई त्याईनं याले. म्हने बिघडवशीन. मी झाकन शिवलं, धूळ पुसली, पन बटन नाई फिरवलं कधी.” मग त्यांनी बटण धरलं आणि फिरवलं. एकदम जास्त फिरलं. घर दणाणलं, ट्रकवरच्या माणसांनी काम थांबवून आत पाहिलं. काकू घाबरल्या, मग हसायला लागल्या. आवाज कमी केला, पुन्हा वाढवला. पुन्हा कमी केला.

नंतर त्यांनी कपाटातून एकेक रेकॉर्ड काढून आणल्या. भजनं, लावण्या, कुठली कुठली. प्रत्येक मी लावून दिली आणि बटण त्यांनी फिरवलं. जेवायची वेळ झाली, जेवलो. दुपार कलली. मी विषय काढला, “काकू, मग मुलाशी बोलून किंमत ठरवू?”

त्या ॲम्प्लिफायरवर हात ठेवून बसल्या होत्या. “राग नको मानू बाई,” त्या म्हणाल्या. “मी नाई इकत आता हे. पोराले सांगतो मी काय सांगाचं ते.”

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मी काकूंकडे पाहिलं. वरूडपर्यंतचा सगळा रस्ता मी दिवाणखान्यात स्पीकर कुठे ठेवायचे हे ठरवत आले होते.

“सुई वर्षाकाठी बदलावी लागते,” मी म्हटलं. “आणि रेकॉर्ड लावायच्या आधी पुसायची. असं, आतून बाहेर नाही, गोल.” मी त्यांना पुसून दाखवलं.

निघताना त्यांनी संत्री दिली. गाडी मोर्शीच्या रस्त्याला लागली. मैत्रीण म्हणाली, “गुस्सा आला?”

“आला.”

“काकूवर?”

“नाही ग. त्या अकोल्याच्या माणसावर.”

“अजून?”

“अजून,” मी म्हटलं, आणि संत्रं सोलायला घेतलं.